समोरची खोली सगळ्यात शेवटी

४ फेब्रुवारी

हवा कोरडी. माणसं: गवंडी एक, बिगारी तीन. काम: भिंती खिडक्यांच्या तळापर्यंत आल्या. अडचण: काही नाही.

बांधकामावर रोजची डायरी ठेवावी, तीत हवा, माणसं, झालेलं काम आणि आलेली अडचण लिहावी, असं मी पॉलिटेक्निकात जन्मभर शिकवत आलो. बांधकामाचं वेळापत्रक आणि खर्चावरचं नियंत्रण हा माझा विषय. पुलांची, गोदामांची, धरणांची वेळापत्रकं फळ्यावर मांडली. स्वतः मात्र आजवर कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घर बांधतोय, तेव्हा निदान आपलं शिकवलेलं आपण करून बघावं, म्हणून ही डायरी.

घर लहानसंच आहे. तळमजला, तीन खोल्या. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि हिच्या हृदयाने जिन्याशी वैर धरलं आहे. दवाखान्याच्या खेपा सोडल्या तर गेल्या वर्षापासून ही खाली उतरलेली नाही, कारण उतरलेलं पुन्हा चढावं लागतं. मेअखेर नव्या घरात राहायला जायचं. तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.

कंत्राटदार माझाच जुना विद्यार्थी. त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, तो 'नव्वद'. वर्गात जर्नल कुठवर आलं म्हणून विचारलं की "नव्वद टक्के झालं, सर" असं ठोकून द्यायचा. पुढे आमच्याकडे अभ्यासाला यायला लागला, अभ्यास कमी आणि हिच्या हातचं जेवण जास्त. नाव हिनेच ठेवलं. आता डोक्यावरचे केस पिकले तरी मला समोर बघून चुळबुळतो. त्याला काम द्यावं हा आग्रहही हिचाच.

९ फेब्रुवारी

कामाचा सगळा तक्ता आज हिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. घरात तेवढी लांब भिंत एकच आहे. डावीकडे पाया, मग भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग, अशा रंगीत पट्ट्या उजवीकडे सरकत जातात. तरीही भिंत कमी पडली, म्हणून शेवटचा भाग कपाटामागे गेला.

ही बराच वेळ बघत पडली होती. मग विचारलं, समोरची खोली कुठे आहे यात. मी म्हणालो, कपाटामागे.

"छान," ती म्हणाली. "एवढ्या घरात माझी एक खोली, ती मेली कपाटामागे."

समोरच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. तिथे खुर्ची टाकून बसायचं, एवढीच हिची घराकडून अपेक्षा. ओटा, कपाटं, रंग, कशाचंच तिला पडलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून माणसांची टकलं आणि छत्र्या तेवढ्या दिसतात, मला चेहरे बघायचेत, म्हणते. मी तक्त्यापुढे उभा होतो, तर वर हेही सुनावलं की बाहेर बघावं तर टक्कल आणि घरात बघावं तर तुमचं टक्कल. तेव्हा ती एक खोली आधी करून टाका, बाकीचं मागाहून होऊ दे.

मी नीट समजावून सांगितलं. फरशी आतून बाहेर येते. सगळ्यात आतली खोली आधी, दाराची शेवटी, नाहीतर ओल्या फरशीवरून घमेली नाचणार. शिवाय वाळू, विटा, फरशी, सगळा माल समोरच्या खोलीतूनच आत जायचा आहे. घर अडणार आहे ते मागच्या न्हाणीघराच्या आणि नळांच्या कामावर. समोरच्या खोलीवर पुढचं काहीच अवलंबून नाही, म्हणजे तिला भरपूर सवड आहे. जे काम मागे पडलं तरी बाकीचं अडत नाही, त्याला सवड आहे, असं आम्ही म्हणतो.

"असेल सवड तर ठीकच आहे," ती म्हणाली आणि कूस बदलली. मला वाटलं पटलं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर आज न बोलावता घरी आले. आजच्या काळात असा माणूस विरळा. यापुढे हिला दवाखान्यात आणायची गरज नाही, मीच येत जाईन, म्हणाले. तपासण्याही आता नकोत. आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे मिठाची बंदी उठली. आवडीचं खाऊ द्या, थोडं मीठ चालेल. वर्षभर अळणी गिळून बिचारीची जीभ मेली होती. संध्याकाळी तिने मीठ घातलेली काकडी इतकी चवीने खाल्ली की बघत राहावं.

मी डॉक्टरांना विचारलं, गेल्या खेपेपेक्षा किती टक्के फरक म्हणायचा. ते जरा थांबून म्हणाले, टक्क्यांत सांगणं अवघड आहे. मग दाराशी बूट घालताना त्यांनी दोनदा विचारलं, तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे का. बूट घालायला फार वेळ लावतात. मी म्हणालो, नाही, आभारी आहे.

तपासण्यांचा खर्च वाचला, तो सिमेंटकडे वळवला.

कॉलेजातून फोन होता. माझ्या जागी आलेल्या नव्या मॅडमना विद्यार्थ्यांसाठी वाचायच्या पुस्तकांची यादी हवी आहे, वेळापत्रक आणि खर्चनियंत्रणावरची, प्रत्येकावर चार ओळींच्या टिपणासह. अजून आपली आठवण काढणारं कुणी आहे हे ऐकून बरं वाटलं. हिला सांगितलं तर म्हणाली, द्या की, तेवढंच तुमचं मन रमेल. माझं मन रमायला काय झालंय, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

माणसं: दोन. बाकीचे आलेच नाहीत. अडचण: विचारूच नये.

पहिल्याच तासाला मी वर्गाला सांगायचो, कंत्राटदाराला 'किती झालं' असं कधीही विचारू नका. तो नव्वद टक्के म्हणणार. तो नव्वद म्हणाला की निम्मं धरा. विचारायचं ते 'किती राहिलं'. या प्रश्नाला थाप मारणं जड जातं, कारण उरलेल्या कामाकडे बोट दाखवावं लागतं. घरात हे इतक्या वेळा बोलून झालंय की हिलाही पाठ आहे. पूर्वी दूध तापलं का विचारलं की म्हणायची, नव्वद टक्के, म्हणजे निम्मं धरा.

तर नव्वद रोज फोनवर नव्वद सांगत होता आणि मी, मी सुद्धा, तक्त्यावर पट्टी भरत होतो. आज खालच्या मजल्यावरच्या वहिनी हिच्याजवळ बसल्या म्हणून साइटवर जाता आलं. भिंती खरोखरच निम्म्या. आणि न्हाणीघराला दारच नाही. चारी बाजूंनी भिंत उचलून मोकळे झालेत. गवंडी म्हणाला, नकाशाचा तो कोपरा घडीत फाटला होता, आम्हाला वाटलं पाण्याची टाकी असेल. सकाळी उभारलेली भिंत दुपारी फोडली. मी नव्वदला म्हणालो, तुला मीच शिकवलंय का रे. तो खाली बघून विटा मोजत राहिला.

घरी बसून साइट चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण हिला सोडून रोज जाणार कसा? तक्ता नव्याने काढला. मेअखेर आता जूनमध्ये गेली. समोरची खोली कपाटाच्या पार पलीकडच्या कडेला.

८ मार्च

सिमेंट महागलं, सळ्या महागल्या, स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर अडकल्यात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

यादीसाठी पुस्तकं काढून बसलो. जाड तपकिरी ग्रंथ चाळला. त्यात खर्च आणि वेळ एकाच कागदावर मांडून काम खरंच कुठवर आलंय ते ओळखायची रीत फार सुरेख सांगितली आहे. टिपणात लिहिलं: 'हे पुस्तक आपल्याला हवं ते नव्हे, असतं ते बघायला शिकवतं.' ही ओळ हिला वाचून दाखवली. तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती. "चांगली आहे," म्हणाली.

दुपारी नव्वद आला. आधी हिच्या पलंगाशी बसून तिच्याशी बोलला, दार ओढून घेतलं होतं. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा. म्हणाला, सर, एक विचार होता. मागच्या भिंतीत तात्पुरती एक वाट ठेवू, माल तिकडून आत घेऊ. समोरची खोली आधी पुरी करून देतो, गिलावा, फरशी, खिडकी, सगळं. मागची वाट नंतर बुजवू. थोडा खर्च वाढेल.

मी म्हणालो, हे डोकं तुझं नाही, आतून आलंय. मग मी त्याला तासभर ऐकवलं. एकच काम दोनदा करायचं, बांधलेलं फोडायचं, फोडलेलं बांधायचं, यालाच आम्ही वर्गात वाया गेलेला पैसा म्हणत होतो ना? कुणाला तरी एक खोली आवडते म्हणून कामांचा क्रम बदलत बसलो, तर जगात एक इमारत उभी राहणार नाही. सगळं घर वेळेवर देऊ तिला, तुकडा कशाला? तो "हो सर" म्हणाला. त्याने आयुष्यात मला "नाही सर" म्हटलेलं नाही.

आत गेलो तर ही भिंतीकडे तोंड करून. मी म्हणालो, सगळं घरच घेऊ या की एकदम. "घ्या," म्हणाली.

१५ मार्च

लेकीचा फोन. ती दूर नोकरीला. पुढच्या आठवड्यात येऊ का म्हणत होती. मी म्हणालो, आत्ता येऊन काय करशील, इथे फोनवर भांडणं आणि सिमेंटचे हिशेब. घर झालं की ये, सुटी तेव्हासाठी राखून ठेव. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही डॉक्टरांशी बोललात का?" मी म्हणालो, बोललो, मिठाची बंदी उठली. ती काहीच बोलली नाही. लाइन खराब असावी.

२९ मार्च

हवा, माणसं, काम आज काही लिहीत नाही.

सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो होतो. मागे पडलेलं काम खेचून कसं आणायचं यावर एक बारीक हिरवं पुस्तक आहे, ते फक्त तिथेच सापडतं. जा जा म्हणून हिनेच मागे लागून पाठवलं. पुस्तक घेऊन परतलो तर दाराला बाहेरून कडी. पलंग रिकामा. खालच्या वहिनींकडे धावलो, त्या आधी आत येऊन बसा म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, साइटवर.

रिक्षाने गेलो. आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची समोरच्या खोलीत, खिडकीच्या भगदाडाशी, आणि खुर्चीत ही. नव्वद आणि गवंडी यांनी खुर्चीसकट उचलून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणली होती. भिंतींना गिलावा नाही, खिडकीला चौकट नाही, मागच्या खोल्यांत अजून स्लॅबचे टेकू उभे. हिने चपला काढून पाय खालच्या कच्च्या जमिनीवर टेकवले होते. रस्त्यावरून एक बाई पोर कडेवर घेऊन चालली होती, ती थांबून हिच्याशी काहीतरी बोलत होती आणि ही हसत होती.

मी ओरडलो. धूळ छातीत जाईल, वरून काही पडलं तर, उतरवताना हात सुटला असता तर, तुम्हाला अक्कल आहे का. ती बाई पोर सावरत निघून गेली. नव्वद म्हणाला, "सर, थोडा वेळ बसू द्या काकूंना. आत्ताच आल्यात." जन्मात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं नाही. मी ऐकायला लावलं. खुर्ची उचलायला लावली. वर चढवताना प्रत्येक वळणावर थांबावं लागलं, तिचे ओठ निळसर झाले होते. मीच खरं बोलत होतो ना? धूळ होतीच. तिला त्रास झालाच.

संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही.

३० मार्च

सकाळी आपणहूनच म्हणाली, त्या पोराच्या एका गालावर खळी होती, एकाच. मी तिच्या पायांना तेल लावलं. पाय सुजलेत. तळव्यांना माती होती अजून, तिने वहिनींना धुऊ दिली नव्हती. मी पुसली.

११ एप्रिल

माणसं: माहीत नाही. हवा: माहीत नाही.

तक्ता तिसऱ्यांदा काढला. हिरव्या पुस्तकात सांगितलेल्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. माणसं वाढवा: माणसं मिळत नाहीत. कामं एकावर एक घ्या: सुतार आणि नळवाला एकाच भिंतीवर भांडतात. पैसा ओता: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गिलाव्याचा माणूस दुसरीकडे पळाला, तीन दिवस फोन उचलत नाही. जुलैच्या आत घर होत नाही. माझ्या जन्मभराच्या शिकवण्याचा हा निकाल. ज्याला एवढंसं घर वेळेवर बांधता येत नाही, तो पुस्तकांची यादी कसली देतो?

ही आता उशीला टेकून बसूनच झोपते, आडवी झाली की गुदमरते. डॉक्टर दिवसाआड येतात. फार चांगला माणूस. मी त्यांना तक्ता दाखवला, जुलैत हलवायचं म्हटलं तर बरोबर एखादी नर्स लागेल का विचारलं. त्यांनी तक्ता पूर्ण बघितला, एकेक पट्टी. आणि म्हणाले, फार मेहनत घेतलीत. कुणीतरी दखल घेतली.

मला काही सुचत नाही. तक्त्यापुढे उभा राहतो आणि पट्ट्या दिसेनाशा होतात. मागून ही म्हणते, जरा बसा की इकडे. आलोच, म्हणतो.

१९ एप्रिल

लेक आली. न विचारता, न कळवता, बॅग घेऊन दारात. मी म्हणालो, अगं घर व्हायचंय अजून. ती सरळ आत जाऊन आईच्या कुशीत शिरली, लहानपणी शिरायची तशी. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. रडण्याचा आवाज लेकीचा होता, समजावण्याचा हिचा.

डॉक्टर येऊन तपासून निघाले. लेक स्वयंपाकघरात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे लाल. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, किती राहिलं, हे तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत?"

मी म्हणालो, विचारलं की, किती फरक पडला ते दर वेळी विचारतो.

"ते नाही," ती म्हणाली. "तुमचा प्रश्न. तुम्हीच शिकवता तो."

मी अनवाणीच जिना उतरलो. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर गाठले. विचारलं: किती राहिलं? त्यांनी बॅग पायरीवर ठेवली. म्हणाले, थोडं. मी म्हणालो, थोडं म्हणजे? "मुलीला परत जाऊ देऊ नका," ते म्हणाले. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, एवढ्या घाईच्या माणसाला कुठलीच घाई नव्हती.

लेकीने त्यांना फेब्रुवारीतच फोन करून विचारलं होतं. हिला तर तिच्या शरीरानेच सांगितलं होतं, त्याच्या आधी. नव्वदला माहीत होतं. खालच्या वहिनींना माहीत होतं. घरात खरं वेळापत्रक सगळ्यांकडे होतं, एका मास्तरला सोडून. मी मूर्ख आहे. मूर्ख माणसाची निदान दया येते म्हणून लोक गप्प बसतात.

२० एप्रिल

पहाटेच साइटवर गेलो. नव्वद आधीच आलेला. त्याला म्हणालो, सगळं सोड, समोरची खोली दे. मागून वाट फोड, हवा तेवढा खर्च कर, क्रम गेला खड्ड्यात. आणि मग त्याला पहिल्यांदा नीट विचारलं, किती राहिलं?

त्याने नव्वद टक्के म्हटलं नाही. बोटाने दाखवत गेला. दुसरा माणूस आणून गिलावा कालच मारलाय, ओला आहे. वाळल्याशिवाय चौकट बसत नाही. सुतार गावाला गेलाय, परवा येईल. जमीन ठोकायची आहे. मग फरशी.

"आणि तेव्हाच केली असती तर? मार्चात?"

तो गिलाव्याला तळवा लावून उभा होता, ताप बघावा तसा. मीच म्हटलं, सांग रे, मी विचारतोय.

"तेव्हा केली असती तर झाली असती, सर," तो म्हणाला. "काकूंनी तेवढीच मागितली होती."

मी विचारलं, गिलावा लवकर वाळवता येतो का. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगितलं की घाईने वाळवलेला गिलावा तडकतो, त्याने हे विचारलं. नव्वद तरीही घरचे दोन्ही पंखे आणायला गेला.

घरी येऊन लेकीला म्हणालो, कच्ची तर कच्ची, आजच नेऊ तिला, खुर्चीवरून, आधी नेली होती तशी. लेकीने डॉक्टरांना विचारलं. जिन्यातच जाईल, म्हणाले. आता नाही.

त्या दिवशी तिला तासभर बसू दिलं असतं तर काय बिघडत होतं? पाऊण तास? ती बाई आणखी काय बोलणार होती? लिहून लिहून तरी काय होणार आहे. मीच उठवलं तिला तिथून. मी.

२४ एप्रिल

दुपारी साइटवरून आलो. गिलाव्यावर अजून ओलीचे काळे डाग, दोन्ही पंखे वेड्यासारखे फिरताहेत. चौकट आली आहे, ती भिंतीला टेकवून ठेवलेली. सुतार नाही. आत फक्त माती.

लेक आईच्या तळव्यांना हात लावून बसली होती. ही जागी होती. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबत होती. म्हणाली, "काय हो, किती झालं घराचं?"

मी खरं सांगणार होतो. चौकट, गिलावा, सुतार, सगळं ओठावर होतं.

"नव्वद टक्के," मी म्हणालो.

ती हसली. खरोखर हसली, लेकीनेही बघितलं. "म्हणजे निम्मं," ती म्हणाली.

मला मान वर करता येईना. तिने श्वास घेतला, आणखी एक घेतला.

"निम्मं तर निम्मं. पुष्कळ झालं. आता तिथून उठा आणि समोर येऊन बसा, तुमचा चेहरा दिसत नाही."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तक्ता माझ्या पाठीमागे गेला. अंधार पडेपर्यंत ती बघत होती. मधे एकदा म्हणाली, दाढी वाढली आहे तुमची. मी म्हणालो, करतो उद्या. नको, राहू द्या, म्हणाली, उठू नका.

१२ मे

ही गेली, त्यानंतर आज डायरी उघडली.

कॉलेजच्या मॅडमना यादी पाठवून दिली. पुस्तकं सगळी चांगली आहेत, एकही वगळलं नाही. पुस्तकांचा काय दोष? सगळ्यांत तेच लिहिलं आहे, मी खुणा करून ठेवल्या होत्या.

लेक भिंतीवरचा तक्ता काढते म्हणाली. काढला. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला आहे. कपाट बाजूला केलं तेव्हा मागून उरलेला तुकडा निघाला, त्यावर 'समोरची खोली' आणि पुढे कोरा कागद.

संध्याकाळी नव्वदचा फोन आला. म्हणाला, सर, उद्या फरशीची माणसं येताहेत. कुठून सुरू करू?

मी म्हणालो, समोरच्या खोलीपासून.

तो म्हणाला, मागची भिंत अजून तशीच आहे, मग माल ती फोडून घ्यावा लागेल, सर. खर्च वाढेल.

वाढू दे, म्हणालो.